खेळात दुसरा माणूस का नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं येणारे वक्ते कवितेवर बोलतात, क्रांतीवर बोलतात. मी मोबाईलवरच्या खेळांवर बोलणार आहे. हसा. पण हसून झालं की खिशात हात घाला. प्रत्येकाच्या खिशात ते डबडं आहे. पाळी सुटल्यावर, लोकलमध्ये, संडासच्या रांगेत तुम्ही त्याच्यावर बोट घासता. मीही घासतो. मी गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो, शिक्षण दहावी पास. समीक्षेची पदवी माझ्याकडं नाही. पण जी गोष्ट आपला रोजचा तासभर खाते तिची झडती घ्यायला पदवी कशाला पायजे?

मोठे खेळ विकत घ्यावे लागतात, त्यांना यंत्रही भारी लागतं. मी बोलतोय ते फुकटचे, ब्राउझरमध्ये उघडणारे, एकट्यादुकट्यानं बनवलेले छोटे खेळ. पांढरपेशे समीक्षक त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. फुकट म्हणजे फालतू. आपल्या सायक्लोस्टाइल अंकांबद्दलही हे असंच बोलत होते.

माझा मुद्दा एकच. खेळाचं राजकारण त्याच्या चित्रात नसतं, गोष्टीतही नसतं. ते नियमात असतं. खेळ तुम्हाला काय करू देत नाही ते बघा. मग तो कुणाच्या डोक्यातून आलाय ते कळतं.

पहिला खेळ आपल्याच धंद्यातला. सोकोबान. जपानीत याचा अर्थ वखारीचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी या जपानी माणसानं तो १९८१ मध्ये रचला, १९८२ मध्ये तो बाजारात आला. आज ब्राउझरमध्ये त्याच्या फुकट नकला ढिगानं पडल्यात. एक वखार, एक माणूस, काही खोके. खोका ढकलून खुणेच्या जागी न्यायचा. ओढता येत नाही. एका वेळी एकच ढकलता येतो. कोपऱ्यात गेला की संपला.

खेळ म्हणून नंबर एक. घाई करणाऱ्याला तो शिक्षा करतो. माल हलवण्याआधी जागा बघ, हे आमचा मुकादमही सांगतो. पण एका रात्री खेळता खेळता माझं डोकं फिरलं. खोका कोपऱ्यात अडकला तर गोदीत आम्ही काय करतो? हाक मारतो. दोघं येतात, चौघं येतात, हैशा म्हणतात, खोका निघतो. सोकोबानमध्ये हाक मारायचं बटण नाही. तिथं बटण आहे ते चाल मागं घ्यायचं. चुकलं? एक पाऊल मागं जा. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका पोराच्या पायावर खोका आला. दोन बोटं गेली. ठेकेदारानं हजेरीतून नाव काढलं. मी कुठलं बटण दाबू? त्याला उचलून टॅक्सीत घातलं ते चौघांनी. त्या खेळात जागा नसलेल्या चौघांनी.

दुसरा खेळ, 'एव्हरी डे द सेम ड्रीम'. २००९ चा. बनवणारा पाओलो पेडेर्चिनी, इटालियन. भांडवलशाहीची साल काढणारे खेळ रचणारा माणूस, म्हणजे आपल्याच बाजूचा. खेळात एक नोकरदार आहे. रोज उठतो, टाय बांधतो, लिफ्ट, गाडी, साहेबाची बोलणी, ऑफिसातला खुराडा. सगळं करडं. नेम मोडायच्या पाच वाटा खेळणाऱ्यानं शोधायच्या. कपडे न घालता कामावर जा. रस्त्यात गाडी सोड आणि शेतातल्या गायीला कुरवाळ. अशा.

खेळ मनाला लागतो, खोटं बोलत नाही मी. पण ते दुःख ज्याचा पगार पक्का आहे त्याचं आहे. उद्याही हेच, म्हणून तो रडतो. उद्याही हेच असेल का, म्हणून आम्ही सकाळी गेटावर उभे असतो. आणि ती गाय! तिला हात लावला की तो मोकळा होतो. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं. त्याच्यासाठी गाय म्हणजे सुट्टी. आपल्यासाठी पाठीवरचे वळ. पेडेर्चिनीला हे माहीत असायचं कारण नाही. पण आपण तो खेळ खेळून गप्प बसलो तर चूक आपली.

तिसरा, 'कुकी क्लिकर'. ज्युलियन थिएनो या फ्रेंच माणसानं २०१३ मध्ये बनवला. एका मोठ्या बिस्किटावर टिचक्या मारायच्या, दर टिचकीला बिस्किट. शंभर जमली की त्या किमतीत एक आजी विकत घ्यायची. ती भाजत बसते. मग आणखी आज्या, मग शेतं, खाणी, कारखाने. मी रात्रपाळीला जाताना तो चालू ठेवला. सकाळी येऊन बघतो तर कोट्यवधी बिस्किटं. एका रात्रीत शेठ झालो! एकही गोणी उचलली नाही. मालकाला रात्री झोप कशी लागते ते त्या दिवशी बोटाला कळलं.

पण पुढं ऐका. 'वन माइंड' नावाचा शोध विकत घेतला की सगळ्या आज्यांचं मन एक होतं. आणि मग खेळ काय दाखवतो? प्रलय. आज्यांचे चेहरे भेसूर होतात, मागचा पडदा मांसासारखा लालभडक होतो. राबणाऱ्या बाया एक झाल्या की राक्षसिणी! त्यांना गप्प करायला एक करार विकत मिळतो. तो अर्धा तास टिकतो आणि दर वेळी महाग होतो. आमच्याकडं गडबड झाली की ठेकेदार चहा-वडापाव मागवतो, तसंच. थिएनोनं मालकाचीच टर उडवली असेल. असू दे. पण मी या खेळात शेठच राहतो. आजी होऊन खेळायची सोय नाही.

चौथा खेळ मला सगळ्यांत आवडतो, म्हणून त्याच्याशी भांडण मोठं. 'पॅरेबल ऑफ द पॉलिगन्स', २०१४. व्हाय हार्ट आणि निकी केस यांनी बनवला, थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाच्या विचारावर. पटावर चौकोन आणि त्रिकोण राहतात. शेजाऱ्यांत एक तृतीयांशापेक्षा कमी आपल्यासारखे असले की आकार नाराज होतो. त्याला उचलून रिकाम्या घरात ठेवायचं. कुणीच फार वाईट नाही, तरी थोड्या वेळात पट फाटतो. इकडं चौकोन, तिकडं त्रिकोण. थोड्या थोड्या दुजाभावातून वस्त्या कशा तुटतात, हे बोटानं शिकवणारा दुसरा खेळ मी बघितला नाही.

पण या पटावर रिकामं घर कुणालाही मिळतं. चौकोन त्रिकोणाच्या डोक्यावर बसलेला नाही. दोघं सपाटीवर शेजारी. आपल्या देशात आकार आडवे नाहीत, उभे आहेत, शिडीसारखे. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले. पारशी धर्मशाळेत जागा रिकामी होती. पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी दारात काठ्या घेऊन माणसं उभी. पटावरचं घर आणि राहायचं घर, मराठीत शब्द एकच. पण दुसऱ्याच्या दारावर आधी आडनाव विचारतात. मी या शहरात खोली बघत फिरलोय. घर रिकामं असतं. आडनाव सांगितलं की भरतं.

आता नुसती शिवी देऊन मी बसणार नाही. हार्ट आणि केसनी हा खेळ सार्वजनिक मालकीचा करून टाकलाय. त्याचा कोड कुणीही घ्यावा, मोडावा, बदलावा. परवानगी लागत नाही. आपल्यातली जी पोरंपोरी कॉम्प्युटर शिकतायत त्यांनी तो घ्यावा. दोनच्या जागी पाच आकार करा, एकाखाली एक. रिकाम्या घराला आडनाव विचारायला लावा. मग बघा पट कसा हलतो, आणि कुणी हलवल्यावर हलतो.

दुसरं काम सोकोबानचं. त्यात दुसरा माणूस घाला. कोपऱ्यातल्या खोक्याजवळ उभं राहून हाक मारली की तो आला पाहिजे. जाणकार म्हणतील, असं केलं तर खेळ सोपा होईल. होऊ दे. हाकेला माणूस येणं सोपं नसतं, हे ज्याला माहीत आहे त्यानंच तो नियम लिहावा. कोण कधी येतो, कोण भीतीनं येत नाही, मुकादम कुणाला अडवतो, ते सगळं त्यात आलं पाहिजे.

गोदीची माहिती मी देतो. कोड लिहिणारं कुणी असेल तर चहाच्या वेळी दाराजवळ भेटा.

जयभीम.