कामाची उमेद



मार्केट यार्डात पहाटेपासून हमाली चालते. अशा कष्टकरी वस्तीत घरी बसलेला तरुण लगेच आळशी ठरतो. परंतु स्किझोफ्रेनियात भास, संशय औषधाने ओसरले तरी उमेद मंदावलेली राहू शकते. तोही आजाराचाच भाग आहे. म्हणून ‘आधी पूर्ण बरा हो, मग काम बघू’ असे आपण म्हणू नये. औषधे चालू ठेवून, थोडे तास, ठराविक काम आणि पाठीशी ओळखीचा माणूस दिला तर कामातूनच उमेद वाढते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांत मानसिक आजारही धरला आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढून देण्यास आपण सोबत जाऊ. बँकेच्या खिडकीवर आम्ही रोज पाहतो, स्वतःचा पगार मोजून घेणारा माणूस ताठ उभा राहतो.