सांगायचं कुणाला?

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले, तेव्हा तिला जागा मिळाली. पण प्रमाणपत्र हाती आलं, तरी ते दाखवायचं कुणाला?

माझी भाची मोठी हुशार. तोंडी काहीही विचारा. वाचताना मात्र जोडाक्षर आलं की अडते. (आम्हा कवींचा जीव त्या जोडाक्षरांतच!) दहावीला तिनं प्रमाणपत्र दिलं, जादा वेळ मिळाला. पण शाळेत एका बाईंनी ते भर वर्गात सांगून टाकलं. आता नोकरीचा अर्ज भरायचाय.

"मामू, लिहू का?"

तिची अम्मी म्हणते, "नको. उद्या स्थळ आलं की हेच निघेल." ही भीती काही आमच्याच मोहल्ल्यातली नाही.

मी म्हटलं, "बेटा, लेखी परीक्षेला जादा वेळ हवा असेल तर लिहावं लागेल, न सांगता सवलत कोण देणार? नको असेल तर आपणहून न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अम्मीनं किंवा मी परस्पर कुणाला सांगायचं नाही, एवढं नक्की. आणि देण्याआधी विचार, हा कागद कोण कोण पाहणार?"

ते विचारायला ती उद्या फोन करणार आहे. स्वतःच.