मत्स्यालयाची काच

मुंबईंत मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि समुद्राच्या पोटांतील रंगीबेरंगी मासे जवळून पाहण्याचा योग असंख्य आबालवृद्धांना आला. मासे पाहण्यांत रमलेल्या मनुष्याला मध्यें काच आहे याची आठवणहि होत नाहीं. आणि ती होऊं न देणें हेंच मत्स्यालय राखणाराचें कौशल्य होय. काच दिसूं लागली कीं खुशाल समजावें, तिच्यावर शेवाळ धरलें आहे.

घरीं खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणाऱ्या हौशी गृहस्थाची परीक्षा येथेंच होते. रविवारीं पुसलेली काच गुरुवारीं पुन्हां धुरकट! मग त्याचा धीर सुटतो आणि तो शेवाळ मारण्याचें औषध आणून पाण्यांत ओततो. शेवाळ मरतें खरें. परंतु मेलेलें शेवाळ कुजतें, कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो, आणि मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. औषधांत तांब्याचा अंश असला तर गोगलगाई, कोळंबी व प्रवाळ यांचाहि बळी जातो. काच लख्ख व्हावी, पण तिच्याआड पाहण्यासारखें कांहीं उरूं नये, असा हा प्रकार होतो.

म्हणून प्रथम शत्रु ओळखावा. नव्या पेटींत आरंभीं तपकिरी धूळ बसते, ती डायटम नांवाच्या सूक्ष्म जीवांची. पाण्यांतील सिलिका संपत आली कीं ती बहुधा आपोआप ओसरते. हिरवा पातळ थर मऊ फडक्यानेंहि निघतो. हिरवे टणक ठिपके मात्र बोटानें हालत नाहींत. सर्वांत चिवट तें जांभळें-गुलाबी कवच. हें लाल शेवाळाच्या एका कुळाचें असून आपल्या पेशींच्या भिंतींत चुना साठवून दगडासारखें घट्ट होतें. खडकावर तें शोभून दिसतें, व पाण्याची प्रकृति चांगली असल्याची ती खूण मानतात. मागच्या भिंतीवर तें राहिलें तरी बिघडत नाहीं. दर्शनी काचेवरून मात्र तें काढलेंच पाहिजे.

तें काढतांना पदार्थांचें काठिण्य ध्यानांत ठेवावें. खनिजांच्या दहा अंशांच्या मापावर चुन्याच्या या कवचाचें काठिण्य सुमारें ३, काचेचें सुमारें ५½ आणि गारेच्या वाळूचें ७ भरतें. त्यामुळें पोलादी पात्यानें कवच निघतें व काच शाबूत राहते. पण पात्याखालीं वाळूचा एक कण सांपडला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. चुंबकाच्या घासणीचीहि हीच गोष्ट. प्रत्येक वेळीं ती धुऊन, निरखून मगच वापरावी. पातें तिरपें धरून वाळूच्या दोन बोटें वरून आरंभ करावा व खालून वर न्यावें. सांध्यांतील सिलिकोनला धार लागूं देऊं नये, नाहीं तर पेटी गळूं लागेल. कोपऱ्यांत दांत घासण्याचा नवा ब्रश पुरतो. पेटी ॲक्रिलिकची असेल तर पोलादास मज्जाव. तेथें प्लॅस्टिकचें पातेंच हवें. पडलेल्या खपल्या नळीनें ओढून घ्याव्या आणि पातें गोड्या पाण्यानें धुऊन कोरडें करावें. बाहेर काढतां येणाऱ्या वस्तु व्हिनेगारमध्यें भिजवल्या तर कवच विरतें. तें व्हिनेगार पेटींत मात्र ओतूं नये.

मदतीला कांहीं प्राणीहि येतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्या काळचे निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनाहि समुद्री गोगलगाईंचें हें काम ठाऊक होतें. गोगलगाईची जीभ दांतेरी कानशीसारखी असते. ट्रोकस, टर्बो आणि कोंकणच्या खडकांवर आढळणाऱ्या नेरिटा या जाती कोंवळें शेवाळ खरडून खातात. जुनें कवच मात्र त्यांच्या आवांक्याबाहेरचें असतें.

इतकें करूनहि शेवाळ पुन्हां धरलें तर दोष काचेचा नव्हे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असें होतां कामा नये. शेवाळाला उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट हीं हवीं असतात, आणि तीं पुरवणारा पेटीचा मालकच! माशांना थोड्याच वेळांत संपेल तेवढेंच खाद्य द्यावें. उरलेलें खाद्य शेवाळाचें खत होतें. पेटी खिडकीच्या उन्हांत नसावी; दिवाहि आठनऊ तासांहून अधिक जळूं नये. वाफ होऊन पाणी कमी झालें तरी मीठ मागेंच राहतें; म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, आणि तीहि क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याची. दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलून त्याच खारटपणाचें नवें घालावें.

या उपायांचा गुण एका दिवसांत दिसत नाहीं; कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. तोंवर आठवड्यांतून दोनदां पांच मिनिटें काच पुसावी, म्हणजे ठिपके टणक होण्यापूर्वींच निघून जातात. कंटाळा करून महिन्यानें पातें हातीं घेणारास तासभर राबावें लागतें, आणि उतावळेपणानें बाटली हातीं घेणारास मासे गमवावे लागतात. मुक्या जीवांना ज्यानें समुद्रांतून आपल्या घरीं आणलें, त्यानें त्यांच्याकरितां एवढा नेम पाळणें हें त्याचें कर्तव्यच होय.