छर्रा सुटल्यानंतर



धातूंच्या संमेलनात अध्यक्ष आज बदकांविषयी बोलणार आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, मग काडतुसांची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिवाळ्यात जायकवाडीला आणि नांदूर मध्यमेश्वरला उतरणारी तलवार बदके मध्य आशिया आणि सायबेरियातून येतात, आणि तिकडे बदकांची शिकार कायदेशीर आहे. शिवाय शिशाच्या छर्ऱ्याला पर्याय शोधण्याची हकिगत आपल्या धंद्याला बरेच काही शिकवणारी आहे.

शिसे छर्ऱ्यासाठी जणू घडवलेलेच. घनता ११.३४, त्यामुळे वेग लवकर मरत नाही. मऊ, म्हणून बंदुकीच्या नळीला ओरखडा नाही. ३२७ अंशांना वितळते आणि स्वस्त मिळते. १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने पेटंट घेतले, तीही युक्ती सोपी: वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडायचे, थेंब पडता पडता गोल होतात आणि खाली पाण्यात निवतात.

आता छर्रा सुटल्यानंतरचे पाहू. एका काडतुसात शंभर-दोनशे छर्रे असतात. बहुतेक हुकतात आणि पाणथळीच्या चिखलात रुततात. बदकाला दात नाहीत. दाणे भरडायला ते बारीक खडे गिळते, त्यांत छर्रेही जातात. पोटातली पाथरी त्यांना जात्यासारखी दळते, वरून जठराचे आम्ल. शिसे रक्तात उतरते, पंख लुळे पडतात, पक्षी वाळत जातो आणि काही आठवड्यांत मरतो. अमेरिकन पक्षी-अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतली दोन ते तीन टक्के पाणबदके दरवर्षी अशी मरतात. बंदुकीने मारलेली यात धरलेली नाहीत.

मग पर्याय शोधणे आले. शिशावर दुसऱ्या धातूचा मुलामा देऊन पाहिला. पाथरीने तो घासून काढला. जस्त स्वस्त आणि ओतायला सोपे, पण मॅलार्ड बदकांना जस्ताचे छर्रे चारले तेव्हा तीही आजारी पडून मेली. मऊ पोलाद निर्विष ठरले, पण त्याची घनता ७.८. तेव्हा छर्रा दोन आकडे मोठा घ्यावा लागतो आणि बार जवळून टाकावा लागतो. नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून छर्ऱ्यांभोवती जाड प्लॅस्टिकची वाटी आली; आता तीच रानात पडते, म्हणून कुजणारी वाटी तयार करण्याची खटपट सुरू आहे. बिस्मथची घनता ९.८, शिशाच्या जवळची. पण ते ठिसूळ, म्हणून त्यात सुमारे तीन टक्के कथील. गंमत अशी, की बिस्मथ मुख्यतः शिशाच्या शुद्धीकरणातलाच जोडमाल. टंगस्टन तर १९.३, पॉलिमर किंवा लोखंडात मिसळून हवी ती घनता साधता येते, फक्त खिसा हलका होतो.

अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर बंद केले. शिकाऱ्यांनी ओरड केली: पोलादाने पक्षी नुसते जखमी होतील, जुन्या बंदुका फुटतील. सगळी ओरड खोटी नव्हती. जुन्या, पातळ नळ्यांना धोका होताच, आणि नेमबाजांना अंतराचा अंदाज नव्याने शिकावा लागला. पण मिसिसिपी उड्डाणमार्गावरच्या अभ्यासाने हिशेब मांडला, की १९९७च्या एका हंगामात या बदलाने सुमारे १४ लाख बदके वाचली. बिस्मथ आणि टंगस्टनचे छर्रे बाजारात आले ते या बंदीनंतर. आधी नियम झाला, त्याने मागणी निर्माण केली आणि मग आपली विद्या कामाला लागली. आपण नेमके उलटे मानतो.

बंदुकीची गोष्ट छर्ऱ्यावर संपत नाही, ती रायफलच्या गोळीपर्यंत जाते. शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा एक्स-रे काढा: जखमेपासून दूरवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसते. शिकारी आतडी-कोठा रानात टाकून जातो, तो गिधाडे खातात. १९८२ साली जगात अवघी २२ उरलेली कॅलिफोर्नियाची काँडर गिधाडे पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडली, तरी मोकळ्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसेच राहिले. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते, पण बहुतेक एकसंध राहते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्याला बंदी केली. डेन्मार्क त्याही पुढे: छर्रे १९९६ पासून बंद, गोळ्या २०२४ पासून.

मित्रहो, या साऱ्यात धातू बदलला, पण त्याहून मोठे म्हणजे कसोटी बदलली. अमेरिकेत नवा छर्रा मंजूर व्हायचा तर त्याची घनता आणि कठिणता पुरत नाही. बदकाच्या पोटात त्याचे काय होते, हे दाखवावे लागते. आपल्या विनिर्देशांत वस्तू वापरात असेपर्यंतचे गुणधर्म असतात; वापरानंतरची ओळ नसते. आपल्या रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा यायला २०१७ उजाडले.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. या संमेलनात सादर होणाऱ्या प्रत्येक नव्या मिश्रधातूच्या प्रबंधात पुढच्या वर्षापासून एक रकाना सक्तीचा करावा: काम संपल्यावर हा पदार्थ कुठे जातो आणि तिथे त्याचे काय होते. रकाना रिकामा असेल, तर प्रबंध परत पाठवावा. कार्यकारिणीने हा ठराव उद्याच्या सत्रात मांडावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.