घरबांधणीतील विद्युत्-हत्यारांची पारख



ज्या व्याख्यानमालेत दरसाल वेदान्ताचा आणि राज्यकारभाराचा ऊहापोह व्हावयाचा, तिच्यात ड्रिल मशीन आणि ग्राइंडर यांच्यासाठी एक सायंकाळ राखून ठेवण्याची तजवीज चालकांनी केली, याचे आपल्यापैकी काहींस नवल वाटले असेल. परंतु घर बांधणे अथवा जुने घर नीट करून घेणे हा सामान्य गृहस्थाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा खर्च असून, त्यातील सिमेंट, लोखंड आणि लाकूड यांची तो चार ठिकाणी कसून चौकशी करतो आणि हत्यार मात्र दुकानदार जे पुढे सरकवील तेच पिशवीत घालून घरी आणतो, ही वस्तुस्थिती पाहता विषय अगदीच अप्रस्तुत ठरू नये. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या चौकशीचा आरंभ आपल्या घराच्या भिंतीपासून करावा आणि शेवट दुरुस्तीच्या दुकानात करावा. मध्ये वॅटचा आकडा येतो, पण तो खोक्यावर जितका ठळक छापलेला असतो तितका महत्त्वाचा नसतो.

भिंत म्हटली की ती सर्वत्र सारखीच, असा एक समज आहे. कोकणात आणि गोव्यात जांभा, देशावरच्या जुन्या वाड्यांत काळा पाषाण, शहरांत भाजकी वीट आणि तिला जागोजाग बांधून ठेवणारे काँक्रीटचे खांब व तुळया, आणि अलीकडच्या उंच इमारतींत हवेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र केलेले हलके ठोकळे, असा हा एक निराळाच वर्णाश्रम आहे. आणि यांपैकी प्रत्येकाला भोक पाडण्याची रीत वेगळी. सच्छिद्र ठोकळ्याला ठोका मुळीच लावू नये, नुसते फिरते बिट पुरते. ठोका लावला तर भोक पसरट होऊन त्यात बसवलेला प्लॅस्टिकचा प्लग बोटाने बाहेर येतो. मऊ जांभ्याचेही बव्हंशी तसेच. विटेला बाजारात इम्पॅक्ट ड्रिल या नावाने मिळणारे साधे ठोक्याचे यंत्र उत्तम. परंतु घर विटांचे आहे म्हणून निर्धास्त झालेला गृहस्थ पडद्याची दांडी लावावयास स्टुलावर चढतो तेव्हा त्याची खरी परीक्षा होते, कारण दांडी खिडकीच्या वर लागते, आणि खिडकीच्या वर असतो लिंटेल, म्हणजे सळया घातलेले निव्वळ काँक्रीट. बाजूच्या भिंतीत सरसर गेलेले बिट तेथे बोटाच्या पेराइतके शिरते आणि मग जागच्या जागी किंचाळत राहते. गिलाव्याची पांढरी धूळ संपून करडी धूळ येऊ लागते, बिटाचे टोक तापून निळे पडते, आणि वर चढलेला माणूस यंत्र बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. दोष यंत्राचा नसतो.

हा भेद कशामुळे पडतो, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इम्पॅक्ट ड्रिलच्या पोटात दोन दातेरी चकत्या असतात. एक दुसरीवरून घसरत जाते आणि प्रत्येक दात ओलांडताना लहानशी उडी मारते. अशा उड्या मिनिटाला चाळीस हजारांच्याही वर होतात. पण त्यांतील एकेक ठोका अतिशय क्षीण असतो, आणि त्याला जे काही बळ मिळते ते धरणाऱ्याच्या खांद्यातून. रोटरी हॅमरची रचना मुळातच निराळी. त्यात पोलादी नळीमध्ये एक दट्ट्या मागेपुढे धावतो, त्याच्यापुढे हवेची उशी कोंडलेली असते, आणि त्या कोंडलेल्या हवेच्या जोरावर पुढचा घण बिटाच्या शेपटीवर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण घरगुती वापराच्या यंत्रातही प्रत्येक ठोका दोन ते तीन जूलचा, म्हणजे एक किलोचे वजन सात-आठ इंचांपासून फूटभर उंचीवरून सोडावे इतका. येथे खांद्याचे काम उरत नाही. उलट जास्त रेटले तर हवेच्या उशीला खेळावयास जागा न राहून काम मंदावते. बॉश कंपनीने या जातीचा हातोडा १९३२ साली बाजारात आणला, आणि १९७५ च्या सुमारास एसडीएस नावाची बिट धरण्याची ती पद्धत रूढ केली, जिच्यात १० मिलिमीटर जाडीच्या खाचा पाडलेल्या शेपटीला पकडीत पुढेमागे सरकण्याची मुभा ठेवलेली असते आणि त्यामुळे सगळा आघात चकवर वाया न जाता बिटाला मिळतो. ज्याच्या घरात खांब, तुळया आणि स्लॅब आहेत, म्हणजे आज बहुतेकांच्याच, त्याने एकच यंत्र घ्यावयाचे असेल तर लहान रोटरी हॅमर घ्यावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. ठोका बंद करून ते जांभ्यालाही चालते, आणि वेगळा चक लावला तर लाकडालाही.

या हत्यारांचा इतिहास पाहिला तर जाहिरातींतील नावीन्याचा पुष्कळसा भार हलका होतो. श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली हाती धरावयाचे पहिले विजेचे ड्रिल तयार झाले. ते पेलावयास दोन्ही हात लागत. बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका यांचे पेटंट मिळाले, आणि त्या घटकेपासून ड्रिलची आकृती जी ठरली ती आजतागायत कायम आहे. सबब, शंभर वर्षांपूर्वी ठरून गेलेल्या आकारावर रंग कोणता चढवला, याला मोल देऊ नये. मोल असते ते आतल्या दंतचक्रांना, बेअरिंगला, तांब्याच्या वेटोळ्याला आणि विद्युत्-निरोधाला. आणि हे सारे झाकणाआड असते.

मग ते पारखावे कसे? यंत्राच्या अंगावर धातूची अथवा छापील पट्टी असते, तिला मी त्याचा दस्तऐवज मानतो. तीवर लिहिलेले वॅट हे यंत्र विजेकडून किती घेते ते सांगतात, भिंतीला किती देते ते सांगत नाहीत. घेण्यादेण्यातील अंतर उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि हलक्या मालात ते अंतर मोठे असते. त्याच पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का, ते पाहावे. ती दुहेरी निरोधाची खूण असून ती असलेल्या यंत्राला दोनच पिनांचा प्लग असतो. ती खूण नसेल आणि प्लगही दोनच पिनांचा असेल, तर असले यंत्र दुकानातच राहू द्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक बसवलेला असणे हे मात्र कोणत्याही यंत्राच्या खरेदीपूर्वीचे कर्तव्य होय, विशेषतः बांधकाम चालू असता, जेव्हा जमीन ओली आणि पाय बहुधा अनवाणी असतात.

आता ग्राइंडर. वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारणे, सळई कापणे, फरशीची कड घासणे अशी कामे तो इतक्या सहजतेने करतो की, त्याच्याइतके उपयुक्त आणि त्याच्याइतके घातक हत्यार घरात दुसरे येत नाही. १०० मिलिमीटरच्या चकतीचा, मिनिटाला ११,००० फेऱ्या घेणारा ग्राइंडर घ्या आणि हिशेब करा: चकतीची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते. राळेने बांधलेली कापण्याची चकती बहुधा सेकंदाला ८० मीटरपर्यंतच सुरक्षित मानलेली असते. आता एखादा मिस्त्री खोल कापावे म्हणून त्याच यंत्राचे संरक्षक कवच काढून १८० मिलिमीटरची चकती चढवतो, तेव्हा तिच्या कडेचा वेग १०० मीटरच्या पुढे जातो, आणि चकती फुटलीच तर तिच्या तुकड्यांच्या वाटेत कवचही नसते. आपल्याकडे बांधकामावर कवच लावलेला ग्राइंडर दिसणे दुर्मीळ. कवच खोक्यात राहते आणि खोके माळ्यावर. म्हणून ग्राइंडर निवडताना मी तीनच गोष्टी पाहतो: कवच पान्यावाचून फिरवता येते का, कारण फिरवता न येणारे कवच माणसे काढून टाकतात, खटका सोडताच यंत्र बंद होते की अडकवून ठेवता येते, आणि वीज जाऊन परत आली असता ते आपोआप सुरू होते काय. हा शेवटचा मुद्दा युरोपातील खरेदीदारापेक्षा आपल्याला अधिक जिव्हाळ्याचा आहे, हे सांगणे नलगे.

बॅटरीच्या यंत्रांविषयी थोडक्यात. एकाच्या अंगावर १८ व्होल्ट आणि दुसऱ्याच्या अंगावर २० व्होल्ट लिहिलेले असले, तरी आत दोहोंतही लिथियमचे पाचच घट एकामागे एक जोडलेले असतात; पहिल्याने सरासरी दाब सांगितला, दुसऱ्याने पूर्ण भरल्या क्षणीचा. पाचच घटांच्या काही स्वस्त यंत्रांवर तर ४८ किंवा ८८ असे आकडे पुढे एखादे पुरवणी अक्षर जोडून छापलेले आढळतात; त्यांचा व्होल्टशी संबंध छापणाऱ्यालाच ठाऊक. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे, म्हणजे खरा साठा कळतो. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही, तेव्हा पहिली बॅटरी विकत घेणे म्हणजे पुढच्या चार यंत्रांचा बयाणा देणे होय.

दुरुस्तीचा मुद्दा मी शेवटी ठेवला, पण खरेदीपूर्वीच तो उरकावयाचा आहे. तारेवर चालणाऱ्या यंत्रात झिजणारी पहिली वस्तू म्हणजे कारागीर ज्यांना नुसते कार्बन म्हणतात ते दोन काळे तुकडे. ते बदलावयास बाहेरून टोपण आहे, की सगळे यंत्र उघडावे लागते? टोपण असेल तर दुकानदारासमोरच ते उघडून पाहावे. कार्बन गुळगुळीत, स्प्रिंग सरळ आणि पितळी घर पक्के असले की आतल्या कारागिरीचा थोडाफार अंदाज येतो. त्यानंतर बिट बसवून ते बोटाने आडवे हलवावे. नव्या यंत्रात खुळखुळ जाणवली तर बेअरिंगची कहाणी कळली. आणि मग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत, अथवा आपल्या तालुक्याच्या गावी जो कोणी वाइंडिंग करणारा असेल त्याच्याकडे जाऊन एवढेच विचारावे की, या नमुन्याचे आर्मेचर मिळते का आणि केवढ्याला. कोणत्या कंपनीची यंत्रे त्याच्या फळीवर उघडून पडलेली आहेत यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. ज्याचे सुटे भाग मिळतात तेच यंत्र दुरुस्तीला येते, बाकीची भंगारात जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळसारख्या ठिकाणीही विद्युत्-हत्यारांचा कारखाना चालतो, तेव्हा देशी मालाची चौकशी न करताच त्याला नापास करण्याचेही कारण नाही. हमीच्या कागदावर यंत्राचा क्रमांक, तारीख आणि दुकानाचा शिक्का घेतल्याखेरीज दुकान सोडू नये.

मोठा ब्रेकर, म्हणजे स्लॅब फोडण्याचे यंत्र, कोणीही विकत घेऊ नये. ते दिवसाच्या भाड्याने मिळते आणि त्याची गरज एका घराला एकदाच पडते, पडलीच तर. विजेची गोल करवत मी आज मुद्दाम वगळली आहे, कारण तिच्याविषयी अर्ध्या तासात बोलणे म्हणजे कोणाच्या तरी बोटांशी खेळ करणे. आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत. ज्यांनी आपापली यंत्रे सोबत आणली आहेत त्यांनी ती कृपा करून प्लगला न जोडता पुढे आणावीत.