वसंत आणि रजब



आज ऐकू या दोन मित्रांविषयी.
वसंतराव हेगिष्टे
आणि रजब अली लाखाणी.

वसंतराव अहमदाबादच्या मराठी घरातले.
रजब अली खोजा मुस्लिम.
दोघेही काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते.

तारीख १ जुलै १९४६.
अहमदाबादेत रथयात्रेचा दिवस.
इंग्रज जाणार, हे दिसत होतं.
पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.
आणि शहरात दंगल पेटली.

हे दोघे जमालपूर भागात गेले.
नि:शस्त्र.
जमावाला अडवायला एकत्र गेले,
आणि एकत्रच मारले गेले.
पुन्हा सांगते, एकत्रच.

आपल्या पुण्यात ही नावं क्वचितच ऐकू येतात.
मला तरी याचं नवल वाटतं.
गुजराती साहित्यिक झवेरचंद मेघाणींनी
त्यांच्यावर स्मृतिग्रंथ संपादित केला.

अहमदाबादच्या गायकवाड हवेलीत
दोघांचं स्मारक आहे.
तिकडे गेलात, तर जरूर पाहा.