कामातली एकाग्रता : खेळाडूंकडून काय घ्यावे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रांजणगावच्या एमआयडीसीतले, कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांतले, दौंडच्या रेल्वेतले कामगार आज इथं बसले आहेत. मी गिरणी कामगार. आपले धंदे वेगळे, पण धोका एकच. रात्रपाळीला पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळे उघडे असतात, हात चालू असतो आणि मन मात्र पोरीच्या फीमध्ये, सोसायटीच्या हप्त्यात अडकलेलं असतं. बोटं जातात ती अशाच वेळी. मग साहेब विचारतो, "लक्ष कुठं होतं?" लक्ष दे असं सगळेच सांगतात, ते कसं द्यायचं हे कोणी शिकवत नाही. खेळाडूंना मात्र ते शिकवलं जातं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तुम्हाला माहीत आहे. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असताना त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता, शेवटी ४५१.४ गुणांवर तिसरा आला. नंतर त्याने सांगितलं की छाती धडधडत होती, पण श्वासावर ताबा ठेवला आणि नेहमीपेक्षा वेगळं काही केलं नाही. यातच आपला धडा आहे.

पहिली गोष्ट, ठरलेला क्रम. नेमबाज प्रत्येक गोळीआधी तीच कृती त्याच क्रमाने करतो. आपणही पाळी सुरू करताना रोज तसंच करावं : बाही आवळली का, मशीनचं गार्ड जागेवर आहे का, बंद करायचं बटण हाताशी आहे का, पायाखाली तेल-पाणी सांडलंय का. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट, श्वास. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासाने धडधड कमी होते. आनापानसती आपल्याला नवी नाही. विहारात ती डोळे मिटून करतो. मशीनपाशी डोळे उघडे ठेवून, काम हाती घेण्याआधी तीन श्वास घ्यायचे.

तिसरी गोष्ट, तोंडाने बोलणं. बरेच खेळाडू मनाशी एक शब्द धरतात. दौंडच्या रेल्वेवाल्यांना हे सांगायला नको. इंजिनात दोघं एकमेकांना सिग्नल मोठ्याने पुकारून सांगतात. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून बोलतात. तिथल्या संशोधन संस्थेच्या चाचणीत त्यामुळे चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपणही "मेन स्विच बंद" असं बोट दाखवून म्हणावं. कोणी हसलं तर हसू द्या.

चौथी, मागचं सोडणं. फलंदाज चेंडू हुकला की क्रीझपासून दोन पावलं बाजूला जातो, परत येतो आणि पुढचा चेंडू बघतो. साहेब ओरडला, धागा तुटला, माल बाद झाला. त्याचा विचार सुट्टीत करू. हात मशीनमध्ये असताना नको.

आणि पाचवी, विश्रांती. कोणताही खेळाडू बारा तास एकाग्र राहत नाही. दोन चेंडूंच्या मध्ये तो मन सैल सोडतो. १९४६ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. थकलेल्या माणसाला लक्ष देता येत नाही, हे कामगाराला उपदेश करून बदलत नाही.

म्हणून एक बजावून सांगतो. गार्ड काढून ठेवायचं, डबल ड्युटी लावायची आणि अपघात झाला की "याचं लक्ष नव्हतं" असं लिहायचं, हे आपण मान्य करायचं नाही. लक्ष देण्याची कला आपली. सुरक्षित मशीन आणि झोप मिळेल एवढी सुट्टी देणं मालकाचं काम. दोन्ही मागा, दोन्ही करा. उद्याच्या पाळीला फक्त पहिली गोष्ट करून बघा, आणि शेजारच्या साच्यावरच्या नव्या पोरालाही शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!